कोलाज पेंडंटचं किट: काच आणि ट्रे चोख, गोंद मात्र बदला

कागदाची कात्रणं, चार मणी, चिमूटभर वर्ख आणि त्यावर काचेचा घुमट किंवा रेझिनचा (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा) थर: कोलाज पेंडंट म्हणजे एवढंच. त्याचं सगळं सामान एका डब्यात देणारी किट्स आता बऱ्याच नावांनी विकली जातात. डब्यावरची चित्रं वेगळी असली तरी आतला माल बहुधा तोच असतो: २५ मिमीचे गोल ट्रे (पेंडंटची धातूची उथळ वाटी), त्यांत बसणाऱ्या घुमटाकार काचा, छापील चित्रांचे दोन-तीन कागद, गोंदाची बारकी ट्यूब, यूव्ही (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या) रेझिनची छोटी बाटली, कधी सोबत चिमुकला दिवा, मणी-टिकल्या-चमकीची खणांची डबी, जंप रिंग (पेंडंट दोरीत अडकवायच्या तारेच्या बारीक कड्या) आणि गळ्यातल्या दोऱ्या. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका नावाचं नाही, या जातीच्या किटचं आहे.

निकाल आधीच देऊन टाकू. ट्रे आणि काच घेण्यासारखी, गोंद न वापरण्यासारखा, रेझिन कामाचं पण अपुरं. आणि पेंडंट टिकणार की बिघडणार हे ज्याच्यावर ठरतं, त्या कागदाबद्दल सूचनापत्रकात एक ओळसुद्धा नसते. पत्रकात चार चित्रं असतात: चित्र कापा, गोंद लावा, काच दाबा, गळ्यात घाला. या चार चित्रांच्या मधे जे राहून गेलंय, तेच खरं काम आहे.

ट्रे आणि काच

ट्रे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर पितळी, तांबूस किंवा चंदेरी मुलामा. खोली २ मिमीच्या आसपास. २५ मिमी हा आतला व्यास, पण ओतीव मालात तो थोडा कमी-जास्त निघतो आणि काचेचंही तसंच असतं. त्यामुळे काहीही चिकटवण्याआधी सगळ्या काचा सगळ्या ट्रेंमध्ये कोरड्याच ठेवून जोड्या लावून घ्याव्यात. काच स्वतःच्या वजनाने तळाशी बसली पाहिजे आणि ट्रे उलटा केला की अलगद हातात आली पाहिजे. बोटाने दाबून बसवावी लागत असेल, तर कागदाची आणि गोंदाची जाडी आल्यावर ती कडेवरच अडणार. उलट काचेभोवती अर्धा मिमी फट दिसत असेल तर तो ट्रे रेझिनसाठी राखून ठेवा. रेझिनला मापाची फिकीर नसते.

ट्रेचा तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे बारीकशी गोलाई असते. ती नजरेला दिसत नाही, पण २५ मिमीचा कागद तिच्यावर चढतो, कडेने उचलला जातो आणि काचेखाली सगळीकडून हवेची चकती अडकते. कागद २४ मिमीचाच कापा. किटमध्ये कधी कधी पंच येतो तो २५ मिमीचा असतो, म्हणजे त्याने कापलेली प्रत्येक चकती पुन्हा कात्रीने कोरावी लागते. काचेला आधी कागद चिकटवून मग जादाचा भाग कापायची पद्धत पुढे दिली आहे, तिच्यात हा प्रश्नच येत नाही. माझी पसंती तिलाच.

काचा सपाट बाजू खाली ठेवून पांढऱ्या कागदावर मांडा आणि तिरक्या उजेडात बघा. घुमटावरचा बारीक ओरखडा गळ्यात घातल्यावर लपतो, सपाट बाजूचा मात्र गोंद लागल्यावरही चित्रावर रेघ म्हणून उमटू शकतो. आतला बुडबुडा तर कधीच जात नाही. अशा काचा सरावासाठी बाजूला काढाव्यात. डब्यातल्या वीसांत एक-दोन तशा निघाल्या तर तक्रार करण्यासारखं काही नाही, पाच-सहा निघाल्या तर डबा परत करावा.

घुमट चित्र मोठं करतो, हे चित्र निवडताना लक्षात असू द्या. २५ मिमी व्यासाची आणि मध्यभागी ६ मिमी उंचीची काच समोरून बघितली तर खालचं चित्र सुमारे १४ टक्क्यांनी मोठं दिसतं. त्यासोबत छपाईचे ठिपकेही मोठे दिसतात. मासिकातला जो चेहरा हातात धरल्यावर गुळगुळीत वाटतो, तो काचेखाली ठिपक्यांचा होतो. घरी छापणार असाल तर मूळ चित्र छापायच्या मापाला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) असावं, म्हणजे २५ मिमीसाठी जवळपास ५९० पिक्सेल. ३०० वर काम भागतं, पण बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडतात. आणि चेहरा, अक्षर, पक्ष्याचा डोळा असलं जे काही महत्त्वाचं असेल ते मधल्या १५ मिमीत ठेवा, कारण कडेला काच तिरकी झाल्यामुळे बाजूने बघताना तिथलं चित्र ताणलं जातं.

मुलाम्याबद्दल एकच इशारा. त्याच्या आत निकेलचा थर असू शकतो आणि काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते. त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी युरोपीय संघाची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅम निकेल सुटण्याची आहे. पाकिटावर तसा काही उल्लेख नसेल तर ट्रेच्या मागच्या बाजूला पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या. घामाने तो थर झिजतो, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

कागद

इथे किट पूर्ण गप्प आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सोबत दिलेले छापील कागद बहुधा लेझर किंवा ऑफसेट छपाईचे असतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. चित्रं मात्र तीच ती: घुबड, आयफेल टॉवर, गुलाब, घड्याळ. शिवाय ती पूर्ण चकत्या म्हणूनच छापलेली असतात. अशी चकती काचेखाली चिकटवली तर ते चित्राचं पेंडंट झालं, कोलाज नव्हे. त्यांतले तुकडे कापून आपल्या कामात वापरावेत.

स्वतःचे कागद घेताना पहिला प्रश्न शाईचा. साध्या इंकजेटची डाय शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे पाणी असलेला कोणताही गोंद लावला की काळ्या रेषेभोवती जांभळट किंवा गुलाबी ढग उठतो. पिगमेंट शाई बरीच तग धरते. लेझरची टोनर शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेलं प्लॅस्टिक, तिला पाण्याने काही होत नाही. पण टोनरला सॉल्व्हंट (थिनरसारखा विद्रावक) सोसत नाही, सॉल्व्हंटवाला गोंद लागला की काळा रंग पसरतो. म्हणजे टोनरला पाण्यातला गोंद चालतो, सॉल्व्हंटवाला नाही, हे जोडीने लक्षात ठेवायचं. कोणती शाई आहे ते ठाऊक नसेल तर कागदाच्या टाकाऊ कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा, लगेच कळतं. इंकजेटच वापरायचं असेल तर छापलेला कागद दिवसभर उघडा वाळू द्या आणि वर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे तीन पातळ फवारे मारा, दोन फवाऱ्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवून. एकच जाड फवारा मारला तर फवाऱ्यानेच शाई हलते.

दुसरा प्रश्न पाठीचा. मासिकाचा, जुन्या पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. तो गोंदाने किंवा रेझिनने भिजला की अर्धपारदर्शक होतो आणि मागच्या पानाची छपाई पुढे दिसू लागते. चेहऱ्याच्या गालावर जाहिरातीची उलटी अक्षरं उमटतात ती अशी. रेझिनमध्ये जाणार असेल तर कात्रण कापण्याआधीच त्याच्या पाठीला पांढरा ॲक्रिलिक रंग लावा, पातळ दोन हात; काचेखाली जाणार असेल तर ते पांढऱ्या पातळ कार्डावर चिकटवा. मौल्यवान जुना कागद असेल तर तो वापरूच नका. स्कॅन करा, चांगल्या कागदावर लेझरने छापा आणि मूळ जपून ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं, तो काचेखालीही पिवळा पडत जातो.

तिसरा प्रश्न जाडीचा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. काचेखाली तीन थर चढले की ०.३ मिमीची पायरी तयार होते, आणि वरच्या तुकड्याच्या कडेला हवा अडकायला तेवढी पुरते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, वरच्या तुकड्यांच्या कडा मागून बारीक सँडपेपरने घासून निमुळत्या करणं. दुसरा त्याहून चांगला: कोलाज मोठ्या मापात सैलपणे करून, स्कॅन करून, लहान करून एकाच कागदावर छापणं. हाताने चिकटवल्याची खरी पायरी, सावली, मण्याची उंची हवी असेल तर काच सोडा आणि रेझिनकडे वळा. काच सपाट कामासाठी आहे आणि रेझिन उंचसखल कामासाठी. किटमध्ये दोन्ही असतं, पण कशासाठी काय हे ते सांगत नाही, आणि निम्मी पेंडंट्स तिथेच फसतात.

२४ मिमीच्या वर्तुळात काय मांडायचं? तीन गोष्टी पुरतात. मागे फिकट, कमी उठावाचा कागद: नकाशा, संगीताची लिपी, हस्ताक्षर, जुना पोत. त्यावर एकच मुख्य आकृती, १० ते १४ मिमीची, मागच्यापेक्षा ठळकपणे गडद किंवा ठळकपणे उजळ. आणि एक छोटासा ठसका: लाल बिंदू, वर्खाचा तुकडा, एखादा शब्द. रंग सारख्याच गडदपणाचे असले तर हातभर अंतरावरून सगळं एकजीव करडं दिसतं. ते तपासायला फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. आकृती हरवली तर मागचा कागद बदला.

काचेची पद्धत

किटचं पत्रक सांगतं: ट्रेमध्ये गोंद, त्यावर कागद, त्यावर गोंद, त्यावर काच. पाण्यातल्या गोंदासाठी हा क्रम चुकीचा आहे. खाली धातू, वर काच, मधे गोंदातलं पाणी. ते फक्त कडेच्या बारीक फटीतून बाहेर पडू शकतं, म्हणून मधला भाग कित्येक दिवस दुधाळ राहतो, आणि सुकता सुकता आकसला की काचेपासून सुटतो. तिरकं धरल्यावर चित्रावर जे चंदेरी पट्टे चमकतात ते हेच: गोंद आणि काच यांच्यामध्ये शिरलेली हवा.

क्रम उलटा करा. आधी काच आणि कागद, मग ट्रे.

काचेची सपाट बाजू आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, नंतर तिला बोट लावू नका. कागद वर्तुळाकार न कापता चारी बाजूंनी ५ मिमी जादा ठेवा. गोंद म्हणून सुकल्यावर पारदर्शक होणारं जाड ग्लेझ वापरा, रेंजर कंपनीचं ग्लॉसी ॲक्सेंट्स किंवा त्या जातीचं कुठलंही. बाटली हलवू नका, आत बुडबुडे होतात. पहिले एक-दोन थेंब टाकाऊ कागदावर काढा, कारण नळीतली हवा त्यांतूनच येते. चित्राच्या मध्यावर एकच थेंब ठेवा. २५ मिमीच्या काचेखाली ०.२ मिमीचा थर व्हायला ०.१ मिलीच्या आसपास ग्लेझ लागतं, म्हणजे खरोखर तेवढंच. काच सरळ वरून थेंबावर टेकवा आणि सावकाश दाबा. थेंब मध्यातून कडेकडे पसरतो आणि हवा पुढे ढकलत नेतो. सर्वत्र सारखा पसरला की काच दोन-तीनदा किंचित गोल फिरवा. बुडबुडा दिसला तर काच उचलू नका, उचललीत की दहा नवे येतात. ती बुडबुड्याच्या बाजूने कडेपर्यंत सरकवा, बुडबुडा बाहेर जाऊ द्या, परत जागेवर आणा. उलटी करून काचेतून बघा आणि मगच कागद वर, काच खाली अशी ठेवा.

आता पाणी कागदाच्या पाठीतून उडून जातं. म्हणूनच या पद्धतीत कागदाची पाठ आधी बंद करायची नाही, आणि म्हणूनच चकचकीत फोटो पेपर इथे चालत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा थर असतो, पाणी आतच कोंडतं. छपाईला साधा, मुलायम, ९० ते १२० जीएसएमचा कागद सर्वांत भरवशाचा.

चोवीस तास थांबा. दुधाळपणा पूर्ण गेला की जादा कागद काचेच्या कडेला लावून कापा, कटरचं पातं काचेला टेकवून किंचित आत झुकवत. मग पाठीला आणि कापलेल्या कडेला पांढऱ्या पीव्हीए गोंदाचे दोन पातळ हात, मधे अर्धा तास. कडेला विशेष जपा. कागदात ओल शिरते ती कडेतूनच, आणि आधी पाठ बंद करून नंतर कापलं तर कड उघडी राहते.

शेवटी ट्रेमध्ये बसवायचं. इथे पारदर्शकपणाची गरज नाही, मजबुती हवी. दोन भाग कालवून वापरायचा इपॉक्सी गोंद टूथपिकने तळावर पातळ पसरा, भिंतीपासून २ मिमी मोकळं ठेवून, नाहीतर दाबल्यावर तो काचेच्या कडेने वर येतो. काच ठेवण्याआधी ट्रेची कडी बाराच्या ठिकाणी आहे आणि चित्र सरळ आहे ना, हे बघा. मगच दाबा. वाकडं बसलेलं पेंडंट नंतर सरळ करता येत नाही.

किटमधल्या ट्यूबबद्दल. तिच्यात दोनपैकी एक असतं. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट असेल तर त्याची वाफ सुकताना कागदावर आणि काचेच्या आत पांढरी धूळ बसवते, ती पुसली जात नाही. सॉल्व्हंटवाला पारदर्शक गोंद असेल तर तो तारा सोडतो, टोनर पसरवतो आणि काचेखाली आठवडाभर मऊ राहू शकतो. धातूवर धातूची कडी चिकटवायला दोन्ही ठीक. चित्रासमोर एकही नको.

रेझिनची पद्धत

मणी, लेस, घड्याळाची चाकं, कागदाची खरी पायरी, हे सगळं खुलतं ते रेझिनमध्ये. इथे नियम उलटा: कागद पूर्ण बंद हवा. रेझिन उघड्या कागदात शिरलं की तेलाचा डाग पडल्यासारखा गडद, ओलसर पट्टा उमटतो आणि तो कायमचा राहतो. शिवाय कागदाच्या धाग्यांतली हवा बाहेर येऊन बुडबुडे देत राहते.

कोलाज आधी पूर्ण करा, २४ मिमीचं कापा, आणि मगच पुढून, मागून, कडेने पीव्हीएचे दोन हात द्या. सुकल्यावर दिव्याखाली तिरकं धरा. सगळीकडे सारखी चमक दिसली पाहिजे. कुठे कोरडा, मंद चट्टा दिसला तर तिथे थर बसलेला नाही, आणखी एक हात द्या. मग ट्रेच्या तळाशी पीव्हीएनेच चिकटवा, मधून कडेकडे दाबत, आणि रात्रभर राहू द्या. खाली हवा राहिली तर ती रेझिन ओतल्यावर वर येणार.

२५ मिमी व्यास आणि २ मिमी खोली म्हणजे काठोकाठ भरायला १ मिली रेझिन, वर हलका घुमट हवा तर सव्वा ते दीड मिली. किटमधली बाटली १० ग्रॅमची असेल तर तिच्यात सात-आठ पेंडंट होतात. वीस ट्रे आणि सात पेंडंटांचं रेझिन, हा हिशेब डब्यावर कुठे दिसत नाही.

यूव्ही रेझिन ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात घट्ट होतं आणि एका वेळी १ ते १.५ मिमीचाच थर नीट पकतो. पहिला थर अर्ध्या मिमीचा. ओतून दोन मिनिटं अंधारात ठेवा, बुडबुडे वर येतील, ते सुईने फोडा, मग दिव्याखाली धरा. किटमधल्या छोट्या दिव्याचा झोत अरुंद असतो: मध्य दोन मिनिटांत घट्ट, कड अजून चिकट. तो फिरवत राहा आणि पत्रकातल्या वेळेच्या दुप्पट वेळ द्या. नखांसाठी वापरतात तो चारी बाजूंनी दिवे असलेला ३६ वॉटचा दिवा यापेक्षा कितीतरी बरा, त्यात थराला दोन-तीन मिनिटं पुरतात. एकदमच जाड थर ओतला तर तो तापतो, आकसतो आणि कागद तळापासून वर ओढतो.

सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच आहे. प्रकाश पोचत नाही तिथे यूव्ही रेझिन घट्टच होत नाही. धातूच्या चाकाखाली, बटणाखाली, वर्खाच्या मोठ्या तुकड्याखाली ते द्रवच राहतं. वरून पेंडंट कडक लागतं, आणि काही दिवसांनी चाकाच्या कडेने चिकट थेंब बाहेर येतो. तो थेंब नुसता घाण दिसतो असं नाही, कच्च्या रेझिनने कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. म्हणून अपारदर्शक वस्तू पकलेल्या थरावर पीव्हीएच्या ठिपक्याने आधी घट्ट बसवा, खाली पोकळी ठेवू नका, आणि मग वरून रेझिन घाला. पोकळ किंवा उंच वस्तू असेल तर यूव्ही सोडून दोन भागांचं इपॉक्सी रेझिन घ्या. ते रासायनिक क्रियेने पकतं, त्याला प्रकाश लागत नाही.

इपॉक्सीत माप हाच जीव. ते प्रमाण १:१ असो वा २:१, घनफळाने की वजनाने हे बाटलीवर वाचा. दोन्ही भागांची घनता वेगळी असल्यामुळे घनफळाचं प्रमाण वजनकाट्यावर लावलं तर चुकतं. एका पेंडंटपुरतं दीड मिली कालवायच्या फंदात पडू नका, तिथे दोन थेंबांची चूकसुद्धा मोठी ठरते आणि रेझिन कायम लिबलिबीत राहतं. एकूण १० मिलीपेक्षा कमी कालवूच नये. सहा-सात ट्रे तयार ठेवून एकदम भरा. तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या भिंती आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा एक मिनिट. खोली २० ते २५ अंशांच्या आसपास हवी. थंडीत बाटल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की बुडबुडे लवकर निघतात. ट्रे सपाट जागेवर आहेत ना ते पाणसळीने तपासा, वर डबा झाका. चोवीस तासांनी हात लावता येतो, पूर्ण कडक व्हायला बहात्तर तास.

यूव्ही थराचा पृष्ठभाग पकल्यावरही चिकट लागतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. आणखी दोन मिनिटं दिवा द्या आणि अल्कोहोलने पुसा. तरी नखाचा ठसा उमटत असेल तर आत कच्चं आहे. दोन्ही रेझिनांसाठी नायट्राइल हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. मोज्याला डाग पडला की मोजा बदला. किटमध्ये हातमोजे नसतात, आणि ही त्याची अक्षम्य उणीव आहे.

खणांच्या डबीतलं सामान

यातलं अर्धं वापरण्यासारखं आहे. ११/० मापाचे काचमणी साधारण २ मिमीचे, म्हणजे ट्रेच्या काठाला टेकतात, घुमटाचा थर दिला तरच झाकले जातात. १५/० चे मणी दीड मिमीचे, ते आरामात बसतात. मण्याच्या भोकात हवा असते. मणी ठेवण्याआधी रेझिनच्या थेंबात टूथपिकने घोळवून घ्या, भोक भरतं. लेस आणि दोऱ्यालाही हेच.

चमचमणारे खडे रेझिनमध्ये बुडवू नका. काचेचा आणि रेझिनचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) जवळपास सारखा असल्यामुळे खड्याचे पैलू दिसेनासे होतात आणि खाली नुसती चंदेरी टिकली उरते. खडा शेवटच्या थरावर, अर्धा बाहेर राहील असा बसवला तरच चमकतो. चमकी आणि अभ्रकाचे कण रेझिनमध्ये सुंदर दिसतात, मात्र चिमटीपेक्षा जास्त टाकले तर सगळे तळाशी बसून कोलाज झाकतात. सुकी फुलं मोडली की कुरकुरली पाहिजेत. वाकली तर आत ओल आहे, ती तपकिरी होणार. सोनेरी वर्ख बहुधा पितळेचा असतो, बोटाने धरू नका, कोरड्या ब्रशने उचला.

कड्या, दोऱ्या, आणि चित्रांचे हक्क

२५ मिमीची काच जवळपास ४ ग्रॅम, ट्रेसकट पेंडंट ८ ते १० ग्रॅमचं. किटमधल्या ०.७ मिमी तारेच्या जंप रिंग त्या वजनाने हळूहळू उघडतात. १ मिमी तारेच्या घ्या. रिंग उघडताना दोन चिमट्यांनी टोकं मागे-पुढे फिरवा, बाजूला ताणू नका, नाहीतर गोलाई परत जुळत नाही. ट्रेची कडी समोर तोंड करून असेल तर एकच रिंग पुरते. दोन घातल्या की पेंडंट गळ्यात आडवं वळतं. मेण लावलेल्या दोऱ्या बऱ्या आहेत, त्यांच्या टोकाचे कुलूप-हूक मात्र हाताने खेचून बघितल्याशिवाय वापरू नका.

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये कोलाज ठेवून कडेला तांब्याची पट्टी आणि झाळकाम करण्याचाही एक प्रकार आहे. दिसायला देखणा, पण फ्लक्स (झाळताना लावतात ते रसायन) कागदात झिरपून तपकिरी डाग पाडतं, त्यामुळे सुरुवातीला नकोच. त्याचं सामान या किटमध्ये नसतं, ते बरंच आहे.

पेंडंट विकायची असतील तर चित्र कुठून आलं हे महत्त्वाचं. किटमधल्या छापील चित्रांच्या हक्कांबद्दल डब्यावर काही लिहिलेलं नसेल, तर ती विक्रीच्या कामात वापरू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियन संस्थेने २०२० मध्ये आपल्या संग्रहातली लाखो चित्रं कुणालाही, विक्रीसाठीसुद्धा, मोफत वापरायला खुली केली. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत पक्षी, फुलपाखरं आणि वनस्पतींची जुनी छापील चित्रं मोठ्या मापात मिळतात. उतरवून घेताना त्या चित्रापुढचा हक्कांचा शेरा मात्र प्रत्येक वेळी वाचावा, कारण एकाच संग्रहातली सगळी चित्रं खुली असतीलच असं नाही.

पहिल्यांदाच करून बघणाऱ्याने हे किट घ्यावं, वीस ट्रेचंच, चाळीसचं नको, आणि सोबत ग्लेझची एक बाटली, दोन भागांचा इपॉक्सी गोंद, हातमोजे आणि १ मिमीच्या रिंगांचं पाकीट वेगळं घ्यावं. ज्याला फक्त काचेचं सपाट काम करायचं आहे त्याने किट सोडून ट्रे आणि काच सुट्टीच घ्यावी, दोन्ही एकाच विक्रेत्याकडून आणि एकाच वेळी, म्हणजे मापं जुळण्याची शक्यता वाढते. रेझिन करणाऱ्याने ट्रेची खोली ३ मिमी आहे का ते विचारून घ्यावं. त्या एका जादा मिलिमीटरमध्ये ११/० चा मणी काठाखाली बसतो आणि वर झाकणारा थरही मावतो.